लांबलेला खोकला आणि फुप्फुसाचा कॅन्सर: सोलापूरकरांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

सोलापुरात खोकल्याला कारण शोधावं लागत नाही. माग चालवणाऱ्याला सुताची धूळ, विडी वळणारीला तंबाखूची धूळ, विडी ओढणाऱ्याला तर "ते रोजचंच आहे की". उन्हाळ्यात रस्त्याची माती, गड्ड्याच्या दिवसांत थंडी. यातलं काहीच नसलं तर टीबी. ही कारणं खोटी नाहीत, बहुतेक वेळा तीच निघतात. पण फुप्फुसाचा कॅन्सर सुरुवातीला याच खोकल्याआड दडलेला असतो, आणि कारण आधीच ठरून गेलेलं असल्यामुळे तपासणीपर्यंत गोष्ट जातच नाही.

२०२२ च्या जागतिक अंदाजांत भारतातले फुप्फुसाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण सुमारे ८१ हजार आणि मृत्यू सुमारे ७५ हजार धरले आहेत. हे दोन आकडे एवढे जवळ असण्याचं मोठं कारण म्हणजे आपल्याकडे बहुतेक रुग्ण डॉक्टरांपुढे येतात तेव्हा आजार छातीबाहेर गेलेला असतो. लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येते, रुग्ण बराही होतो.

म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याचं कारण तोंडी मान्य करायचं नाही, कागदावर मागायचं. थुंकीचा रिपोर्ट, एक्स-रे, गरज पडली तर सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी, म्हणजे बायॉप्सी. तो कागद कसा मिळवायचा, कुठे आणि कोणत्या क्रमाने, ते आता बघू.

पायरी १: आपला धोका मांडून बघा

आधी धुराचा हिशोब. रोजच्या सिगारेटींना २० ने भागा आणि जितकी वर्षं ओढली त्याने गुणा. याला पॅक-वर्षं म्हणतात. रोज दहा सिगारेटी तीस वर्षं ओढल्या असतील तर १५ पॅक-वर्षं झाली. विडीसाठी असं सर्वमान्य कोष्टक नाही, त्यामुळे रोज किती विड्या आणि किती वर्षं, एवढं लिहून ठेवा. सोडली असेल तर कोणत्या वर्षी सोडली तेही.

"विडीत तंबाखू ती केवढी, सिगारेटपेक्षा हलकीच" हा समज इथे फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा खेळू देणारं नसतं. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात आणि खोल ओढावे लागतात. निकोटिन आणि डांबर शरीरात काही कमी जात नाही.

तंबाखूचा धूर आणि हा कॅन्सर यांचा संबंध ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये मांडला. गंमत अशी की अभ्यास सुरू करताना डॉल यांना संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा. रुग्णांना एकेक करून सवयी विचारल्यावर उत्तर निघालं सिगारेट, आणि डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. डोळ्यांपुढचं सोपं कारण भल्याभल्यांना चकवतं.

धूर दुसऱ्याचा असला तरी मोजायचा. एका खोलीच्या घरात नवरा वीस वर्षं विडी ओढत असेल, तर बायकोच्या फुप्फुसांनी ती वर्षं भोगलेली असतात. चुलीचा आणि कोळशाचा धूर, डिझेलचा धूर, दगड फोडण्याच्या कामातली सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापताना उडणारे तंतू यांनीही धोका वाढतो. शहरातल्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच कॅन्सरचं कारण ठरवलं आहे. पूर्वी टीबी होऊन गेलेला असणं, फुप्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार म्हणजे सीओपीडी असणं, आईवडील-भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झालेला असणं, हेही लिहून ठेवा.

आता सोलापूरच्या दोन धुळींबद्दल. कापसाच्या धुळीने होणारा आजार म्हणजे बिसिनोसिस. सुरुवातीला त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि सुट्टीत बरं वाटतं. तो कॅन्सर नाही. विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीने खोकला आणि श्वासाचा त्रास होतो, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचा मुख्य दोष धुराकडे जातो. या माहितीचा उपयोग उलट्या बाजूने करा: कामावर नसतानाही खोकला तसाच राहतो, किंवा आठवड्यागणिक वाढत जातो, तर धुळीच्या माथी मारून गप्प बसू नका.

मिश्री, गुटखा, मावा यांचा मुख्य मार तोंडावर आणि घशावर बसतो, तो वेगळा विषय.

आणि ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही त्यांनाही हा कॅन्सर होतो. भारतात, विशेषतः बायकांमध्ये, असे रुग्ण बरेच दिसतात. त्यामुळे "आमच्यात कुणी ओढत नाही" या वाक्याने तपासणी रद्द होत नाही.

पायरी २: लक्षणं ओळखा, विचित्र वाटणारीसुद्धा

फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं जवळजवळ कळत नाही. गाठ बाहेरच्या आवरणाला किंवा बरगडीला टेकते तेव्हा छातीत दुखायला लागतं. "दुखत तर नाही ना काही" ही समजूत इथे उपयोगाची नाही.

खोकल्यात दोन गोष्टी बघायच्या. नवा खोकला तीन आठवड्यांत गेला नाही, ही पहिली. दुसरी जास्त निसटते: जुना खोकला बदलला. विडी ओढणाऱ्याला सकाळचा खोकला वर्षानुवर्षं असतो. तो रात्रीही यायला लागला, आवाज बदलला, कफ वाढला किंवा आधी कफ पडायचा तो बंद होऊन कोरडी ढास लागली, तर हा नवा खोकला आहे असं समजूनच चालायचं. हा बदल ओढणाऱ्याला जाणवत नाही, शेजारी झोपणाऱ्याला जाणवतो. घरच्या बाईला विचारा.

बेडक्यात रक्ताची रेघ एकदाच दिसली तरी तीन आठवड्यांची वाट बघायची नाही. "उष्णता झाली" म्हणून सब्जा पिऊन दिवस काढणारे कमी नाहीत. रक्त टीबीतही पडतं, साध्या जंतुसंसर्गातही पडतं, पण त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

दम लागणं हळूहळू येतं, म्हणून वयावर ढकललं जातं. आधी दोन जिने सहज चढणारा माणूस पहिल्याच जिन्यावर थांबतो, हे टिपून ठेवण्यासारखं आहे. छातीत, पाठीत किंवा खांद्यात एकाच जागी दुखतं आणि खोल श्वास घेताना किंवा खोकताना वाढतं. भूक मरते. डाएट नाही, कष्ट वाढलेले नाहीत, तरी कमरेचा पट्टा एकेक भोक आत जातो.

न्यूमोनिया एकदा झाला, औषधाने बरा झाला, दोन महिन्यांनी पुन्हा त्याच बाजूला, त्याच जागी झाला. गाठीने श्वासनळीची एखादी फांदी अडवली की मागच्या भागात कफ साचतो आणि संसर्ग परत परत होतो. दर वेळी वेगळ्या दवाखान्यात गेलं तर हा धागा कुणाच्याच हाती लागत नाही.

आता ती लक्षणं, जी छातीची वाटतच नाहीत. यांच्यामुळे माणूस भलत्याच डॉक्टरकडे फिरत राहतो.

आवाज बसणं. सर्दी नाही, ओरडलेलं नाही, तरी तीन आठवडे आवाज घोगरा. स्वरयंत्राला जाणारी डावी मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर जाते. तिथल्या गाठीने ती दाबली की आवाज जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी "डावी स्वरतंतू हलत नाही" असं सांगितलं, तर छातीचा सीटी झालाच पाहिजे.

खांदादुखी. फुप्फुसाच्या अगदी टोकाला वाढणारी गाठ खांद्यात दुखते, दुखणं हाताच्या आतल्या कडेने करंगळीपर्यंत उतरतं. एक्स-रे मानेचा निघतो, निदान स्पाँडिलायटिसचं होतं, मालिश आणि शेक महिनोन्‌महिने चालतात. त्याच बाजूची पापणी जरा खाली आली असेल, बाहुली लहान दिसत असेल किंवा हाताची पकड कमी झाली असेल, तर मान सोडा आणि छाती बघा.

बोटांची टोकं फुगणं. दोन्ही हातांची तर्जनी घ्या, नखाला नख टेकवून पाठीला पाठ लावा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल आणि नखं गोल फुगीर झाली असतील तर डॉक्टरांना दाखवा. इतर काही आजारांतही असं होतं, पण फुकटात घरी करता येणारी ही चाचणी आहे.

पसरलेल्या आजाराच्या खुणा हाडांत, मेंदूत, यकृतात दिसतात: रात्री जास्त ठणकणारी पाठ, नवी डोकेदुखी आणि सकाळची उलटी, एका बाजूचा अशक्तपणा, कावीळ. कधी रक्तातलं सोडियम घसरून माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं.

ताबडतोब दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा, असे प्रसंग हे: खोकल्यातून चमचाभरापेक्षा जास्त रक्त येणं, बसल्या जागी धाप लागणं, चेहरा-मान सुजून गळ्यावरच्या शिरा ठसठशीत दिसणं, फिट येणं, पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं. यातल्या शेवटच्यात मणक्यातली नस दाबलेली असते आणि तासांचा उशीरसुद्धा कायमचा महाग पडतो.

पायरी ३: तीन आठवड्यांच्या आत काय करायचं

खोकल्याला दोन आठवडे झाले की थुंकीची टीबी तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. डबीत थुंकी नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सकाळी उठल्या-उठल्या, चूळ भरून दिलेला नमुना चांगला. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत उत्तर येतं आणि टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. त्याच फेरीत छातीचा एक्स-रे काढून घ्या.

डॉक्टरांपुढे "बरेच दिवस झाले" असं म्हणू नका. तारखेने सांगा. उदाहरणार्थ: "सर, खोकला दिवाळीच्या आदल्या आठवड्यापासून आहे. दोन वेळा गोळ्या झाल्या, फरक नाही. चार किलो वजन उतरलंय. तीस वर्षं विडी होती, रोज साधारण पंधरा. एक्स-रे अजून काढलेला नाही, काढून बघायचा का?" एवढ्या चार-पाच वाक्यांत डॉक्टरांना हवं ते सगळं आलं. आधीच्या चिठ्ठ्या सोबत न्या. कोणती इंजेक्शनं झाली ते ठाऊक नसेल तर तसं सांगा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने भूक लागते, दम कमी वाटतो, चार-आठ दिवस माणूस हुशार दिसतो आणि तेवढी तपासणी पुढे जाते.

पायरी ४: "छातीत डाग आहे" म्हटल्यावर

या पायरीवर सगळ्यात जास्त महिने वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

एक्स-रेवर डाग दिसला. आपल्या भागात टीबी भरपूर, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं स्वाभाविक आहे. खोकला, ताप, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त, छातीत पाणी, ही यादी टीबीची आहे तशीच फुप्फुसाच्या कॅन्सरचीही आहे. एक्स-रेवर दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. थुंकीत जंतू सापडले तर टीबी पक्का, सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा. जंतू सापडले नाहीत आणि तरी निव्वळ एक्स-रे बघून कोर्स सुरू झाला, तर सावध व्हायचं. काही वेळा डॉक्टरांना असा निर्णय घ्यावा लागतो, तो चूक असतोच असं नाही. पण मग पुढची तारीख ठरलेली हवी.

डॉक्टरांना आदराने, पण स्पष्ट विचारा: "टीबीचे जंतू कुठल्या तपासणीत सापडलेत का? नसतील तर किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय करायचं?" उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

फरक मोजायचा कसा? वजन. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी. टीबीचं औषध लागू पडलं की ताप उतरतो, भूक लागते, वजन चढायला लागतं. गंमत म्हणजे कॅन्सरच्या रुग्णालाही सुरुवातीला थोडं बरं वाटू शकतं, कारण टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन इतर जंतूंनाही मारतं आणि गाठीमागे साचलेला संसर्ग कमी होतो. म्हणून पहिल्या दहा-पंधरा दिवसांच्या उतारावर विसंबू नका. दोन महिन्यांनी एक्स-रे परत काढा आणि आधीचा शेजारी ठेवून बघायला सांगा. डाग तेवढाच असेल किंवा वाढला असेल, तर "कोर्स अजून वाढवू" या उत्तरावर समाधान मानायचं नाही, सीटी मागायचा. चाळिशीपुढचा विडी ओढणारा माणूस आणि थुंकी निगेटिव्ह, असं असेल तर माझ्या मते दोन महिने थांबायचीही गरज नाही. सुरुवातीलाच छातीच्या तज्ज्ञांचं मत घ्या.

डाग न्यूमोनियाचा म्हणून अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटल्यावरही सहा आठवड्यांच्या सुमारास एक्स-रे परत काढायचा. बरं वाटल्यावर कोण जातंय एक्स-रेला, पण नेमका तोच राहून जातो.

छातीत पाणी झालं असेल आणि ते सुईने काढलं, तर ते फेकून देऊ देऊ नका. टीबीच्या तपासण्यांबरोबर कॅन्सरच्या पेशी शोधण्यासाठीही ते पाठवायला सांगा. पाणी लालसर असेल, किंवा काढल्यावर भराभर परत भरत असेल, तर हे जास्तच महत्त्वाचं.

जुने एक्स-रे जपा. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग तेवढाच असेल तर तो बहुधा टीबीचा जुना व्रण असतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. फिल्म गादीखाली दुमडून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याऐवजी सपाट, कोरड्या जागी ठेवा आणि सीडीही मागून घ्या.

आणि दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. टीबी सिद्ध झाला म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही.

एक्स-रे नॉर्मल आला तर? हृदयामागे, कॉलरबोनच्या आड किंवा मधल्या भागात लपलेली गाठ एक्स-रेवर निसटते. लक्षणं चालूच राहिली, रक्त पडत राहिलं, तर नॉर्मल एक्स-रे हे शेवटचं उत्तर मानू नका.

पायरी ५: सीटी आणि तुकडा

छातीचा सीटी बहुतेक वेळा शिरेतून औषध देऊन काढतात. त्याआधी किडनीची रक्ततपासणी लागते. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधी सांगा. सीटीत गाठ किती मोठी, कुठे, मधल्या लसिकाग्रंथी सुजल्यात का, हे दिसतं. पण गाठ कशाची आहे याचं पक्कं उत्तर सीटी देत नाही. ते तुकडाच देतो.

तुकडा कुठून घ्यायचा हे गाठीच्या जागेवर ठरतं. मोठ्या श्वासनलिकांजवळ असेल तर दुर्बिणीतून, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने. कडेला असेल तर सीटीत बघत बाहेरून सुई घालून. मानेत गाठ लागत असेल तर तिथूनच, सगळ्यात सोप्या रीतीने.

"सुई लावली की पसरतो" ही भीती गल्लोगल्ली ऐकू येते आणि तिच्यापायी लोक महिनाभर घरी बसतात. सुईमुळे आजार पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. खरी जोखीम वेगळी: बाहेरून सुई घातल्यावर कधी फुप्फुसाभोवती हवा साचते, कधी थोडं रक्त पडतं. म्हणून तुकडा घेतल्यावर काही तास देखरेखीखाली ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायलाच हवं. तपासणीनंतर घरी आल्यावर अचानक धाप लागली तर परत जायचं.

पहिल्या तुकड्यात काही सापडलं नाही, असंही होतं. संशय दाट असेल तर डॉक्टर परत घ्यायला सांगतील. त्यात कुणाची चूक नसते.

पायरी ६: रिपोर्टमधल्या तीन गोष्टी

पहिली, प्रकार. दोन मोठे गट आहेत. स्मॉल सेल, साधारण १५ टक्के, झपाट्याने पसरणारा आणि जवळजवळ नेहमी धूम्रपानाशी जोडलेला. उरलेले नॉन-स्मॉल सेल, त्यात ॲडेनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे मुख्य. न ओढणाऱ्यांत आढळतो तो बहुधा ॲडेनोकार्सिनोमा.

दुसरी, टप्पा. १ ते ४. त्यासाठी पेट-सीटी, म्हणजे आजार अंगात कुठे कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन, आणि मेंदूचा एमआरआय सांगतात. घाईने औषध सुरू करण्याआधी टप्पा पक्का होणं गरजेचं, कारण शस्त्रक्रिया होणार की नाही ते त्यावरच ठरतं.

तिसरी गोष्ट इथे बरेचदा राहून जाते: जनुकीय तपासणी. ॲडेनोकार्सिनोमा असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांतल्या बदलांची आणि पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी झाली का, ते विचारा. ईजीएफआरमधला बदल भारतीय रुग्णांत बऱ्यापैकी आढळतो, न ओढणाऱ्या बायकांत जास्तच. तो सापडला तर चौथ्या टप्प्यातही केमोऐवजी रोजच्या गोळीवर माणूस चांगले दिवस काढू शकतो. तपासणीच झाली नाही तर ती गोळी कुणी देणार नाही.

तुकड्याच्या काचा आणि मेणातला ठोकळा, ज्याला लॅबवाले ब्लॉक म्हणतात, तो लॅबकडून मागून घेता येतो. मोठ्या हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी तो मागतात. रिपोर्टचा कागद घेऊन मुंबई गाठली आणि ब्लॉक सोलापुरातच राहिला, तर एक फेरी फुकट जाते.

उपचारांचं तपशिलात लिहीत नाही, कारण ते वरच्या तीन उत्तरांवर माणसागणिक बदलतात. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात फुप्फुसाचा तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया, त्याआधी श्वासाची क्षमता मोजणं. शस्त्रक्रिया झेपणारी नसेल तर नेमक्या जागी रेडिएशन. तिसऱ्यात बहुधा केमो आणि रेडिएशन एकत्र, चौथ्यात गोळ्या, केमो किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध कामाला लावणारं औषध. दम, वेदना आणि भूक यांच्यासाठीची पॅलिएटिव्ह सेवा पहिल्या दिवसापासून मागता येते. ती "आता काही उरलं नाही" म्हटल्यावर द्यायची गोष्ट नव्हे.

रुग्णाला सांगायचं की नाही? "बाबांना कळू देऊ नका, डॉक्टर" असं दाराआड सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. माया कळते, पण बाबांना केमो घ्यायची आहे, सही करायची आहे, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांना संध्याकाळपर्यंत सांगणारच असतो. त्यांच्या कलाने, टप्प्याटप्प्याने सांगितलेलं बरं.

कुठे जायचं आणि खर्चाचं काय

सुरुवात सिव्हिलमधून करता येते, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातून. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं असल्यामुळे छातीविकार विभाग तिथेच आहे. कॅन्सरसाठी जिल्ह्यातच, सुमारे ७० किलोमीटरवर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या फार लोकांना ठाऊक नसतं. कॅन्सर म्हणजे थेट मुंबई, असं समजून कर्ज काढण्याआधी बार्शीत विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही त्यात घेतलं आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, भरती नंतर. मंजुरी येण्याआधी स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे परत मिळवणं कठीण. पेट-सीटी आणि जनुकीय तपासणी योजनेत बसते का ते स्पष्ट विचारा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून मदतीचा मार्ग निघतो. रेशनकार्डवर नाव नाही किंवा आधारवरच्या नावाशी जुळत नाही, ही अडचण सगळ्यात जास्त भेटते. तपासण्या चालू असतानाच ती दुरुस्त करायला टाका. विडी कामगारांनी आपलं ओळखपत्र आणि कामगार विमा असलेल्यांनी ईएसआयचं कार्ड फाइलमध्ये ठेवावं.

मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात जावंच लागलं तर रेल्वेची सवलत घ्या. हॉस्पिटलने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्यालाही सवलत मिळते. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी दादरला उतरवते, तिथून परळ जवळ.

काहीच त्रास नाही, पण विडी बरीच वर्षं आहे

अशांसाठी कमी किरणांचा सीटी उपयोगी ठरतो. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०११ मध्ये आले. एक्स-रेच्या तुलनेत या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी केले. तिथे आता ५० ते ८० वयाच्या, २० किंवा जास्त पॅक-वर्षं झालेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांना दर वर्षी हा सीटी सुचवतात. भारतात अशी राष्ट्रीय मोहीम नाही. शिवाय आपल्याकडे टीबीचे जुने व्रण इतके, की बऱ्याच जणांच्या सीटीत काहीतरी दिसणार आणि नाहक धावपळ होणार. म्हणून जाहिरात बघून काढू नका, छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधला वार्षिक एक्स-रे मात्र या कामाचा नाही, त्याने मृत्यू कमी होत नाहीत.

त्याहून मोठा फायदा विडी सोडण्यात आहे. सोडल्यावर दहा वर्षांत धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो. निदान झाल्यावर सोडली तरी शस्त्रक्रियेची जखम आणि रेडिएशन जास्त चांगलं सोसलं जातं. सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

निकोटिनची २ मिलिग्रॅमची चावायची गोळी (निकोटिन गम) मेडिकलमध्ये मिळते, पण बहुतेक जण ती साध्या चिंगमसारखी सतत चघळतात, तोंड जळजळतं आणि दोन दिवसांत फेकून देतात. दोन-चारदा चावा, झिणझिण्या आल्या की गालाच्या आत दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत चावा. अर्धा तास असं चालतं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन शोषलं जात नाही.

ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे सोडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर सूप असतं. पहिले दोन-तीन आठवडे वळण्याचं काम शक्य तर दुसऱ्या खोलीत किंवा शेजारणीच्या ओट्यावर न्या, आणि वळलेला माल घरात न ठेवता रोजच्या रोज कारखान्यात पोचवा.